तिकडचं घर : दोष कायम

"मारतो का?"

"नाही."

"दारू?"

"थेंबसुद्धा नाही."

"बाहेर काही भानगड?"

"त्याला तेवढा वेळ कुठे आहे."

"मग मूल तुमच्याकडेच का हवं?"

"बाटल्या," लिफ्टवाली म्हणाली.

पहिल्या तारखेला एवढंच झालं. न्यायाधीश बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, पेन कागदावर टेकवलं, उचललं आणि पुढची तारीख दिली.

तर बाटल्यांचं असं होतं. लिफ्टवाली लिफ्ट दुरुस्त करणारी मेकॅनिक, तिचा नवरा फर्निचरचा पॉलिशवाला. खाली कारखाना, वर घर, मध्ये लाकडी जिना. थिनर मोठ्या पत्र्याच्या डब्यांतून यायचं. एवढा डबा हातात धरून खुर्चीच्या पायाशी वाकणार कोण? म्हणून ते पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत ओतून घ्यायचं, ही सासऱ्यांच्या वेळेपासूनची पद्धत. बाटली हातात मावते, हवं तेवढंच पडतं. दिसतं मात्र पाण्यासारखं, अगदी स्वच्छ, निवळशंख. जेवणाच्या सुट्टीत एखादी बाटली कारागिराबरोबर वर यायची, पाण्याची एखादी खाली जायची. कुणी त्याचा हिशेब ठेवत नव्हतं. गेल्या वर्षी अशीच वर आलेली एक बाटली ओट्यावर राहिली आणि गोटीनं ती तोंडाला लावली.

गोटी म्हणजे त्यांची मुलगी. तेव्हा साडेतीन वर्षांची, गोलमटोल, हातातून सुटली की कुठे घरंगळेल याचा नेम नाही, म्हणून गोटी.

घोटभर प्यायली, थुंकली. तोंड सोलवटलं, खोकला लागला. डॉक्टरांनी दोन दिवस ठेवून घेतलं आणि घरी पाठवलं.

"थुंकली की नाही?" नवरा म्हणाला. "हुशार आहे माझी पोर."

"बाटल्या बदलणार?"

"बदलू."

"कधी?"

"अगं, बदलू म्हटलं ना."

तीन आठवडे तो "बदलू" म्हणत होता. चौथ्या आठवड्यात लिफ्टवालीनं दोन पिशव्या भरल्या, गोटीला कडेवर घेतलं आणि भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला गेली. कोर्टानं तात्पुरतं ठरवून दिलं: तीन दिवस आईकडे, चार दिवस बापाकडे. निकाल व्हायचा होता.

*

लोक काय म्हणाले ते एका दमात सांगून टाकलेलं बरं, कारण त्यांनीही ते एका दमातच म्हटलं होतं. तिची आई म्हणाली की नाकासमोर चालणारा नवरा आहे, जावई म्हणून बोट ठेवायला जागा नाही, आणि तू बाटल्यांवरून संसार मोडतेस, त्याही दारूच्या असत्या तर चारचौघांत सांगता तरी आलं असतं. बहीण म्हणाली की तुझी नोकरीच अशी, दिवसभर दोरखंड आणि ब्रेक, तुला बसल्या जागी सगळं तुटताना दिसतं. सासूबाई म्हणाल्या की चाळीस वर्षं या घरात बाटल्या आहेत आणि आम्ही सगळे जिवंत आहोत, मोजून घे. आणि नवरा कुणालाच काही म्हणाला नाही, फक्त गोटीला खांद्यावर बसवून सगळ्यांसमोरून हिंडला, आणि तेच सगळ्यात जास्त परिणामकारक ठरलं.

कारण तो चांगला बाप होता. घोडा व्हायचा, केस विंचरून द्यायचा. न खेकसता भरवायचा. लिफ्टवालीला हे पक्कं ठाऊक होतं, आणि तिची सगळी पंचाईत तिथेच होती.

*

*३ तारीख. तिकडचं घर. गोटीला आणायला गेले. जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बाटली, लेबल पाण्याचं, आत थिनर. दोष कायम.*

*५ तारीख. माझं घर. इस्त्री चालू राहिली, वीस मिनिटं. गोटी घरात. चूक माझी. टायमरचं सॉकेट बसवलं. दोष बंद.*

*१० तारीख. तिकडचं घर. शिवणाच्या मशीनवर बाटली. दोष कायम.*

*११ तारीख. माझं घर. खिडकीच्या गजांत अंतर जास्त. गोटीचं डोकं जातं, करून पाहिलं. जाळी ठोकली. दोष बंद.*

प्रत्येक लिफ्टची एक नोंदवही असते. पानांवर आकडे छापलेले. दोष सापडला की लिहायचा, दुरुस्त झाला की तारीख घालून "बंद" लिहायचं, नाही झाला की "कायम". एक पान जरी फाडलेलं निघालं, तर अख्खी वही रद्द. मग तपासनीस तुमचं काही ऐकून घेत नाही. लिफ्टवालीला काम शिकवणारा उस्ताद तर म्हणायचा, "आधी स्वतःची चूक लिही. पाना खड्ड्यात विसरलीस? लिही. ज्या वहीत मेकॅनिकची एकही चूक नाही ना, ती वही मी चहात बुडवतो."

तिनं दोन्ही घरांसाठी तशीच एक वही घातली होती. दुसरी कसली वही तिला घालताच आली नसती.

तिच्या वकीलबाईंनी ती चाळली आणि डोक्याला हात लावला.

"हे 'माझं घर' वगैरे काय आहे?"

"माझ्या चुका."

"ते दिसतंय मला. का लिहिल्यात?"

"झाल्या म्हणून."

"हे बघा, ही पानं काढून टाकू. उरलेली वही सोन्यासारखी आहे."

"पान काढलं की वही रद्द."

"ताई, ही लिफ्ट नाहीये."

"वही तीच आहे," लिफ्टवाली म्हणाली. "सगळी द्या, नाहीतर देऊ नका."

वकीलबाईंनी आपल्या धंद्याला दोन शब्द वाहिले आणि सगळी दिली.

*

मग कोर्टानं पाहणीसाठी एक बाई नेमली. पाहणीवाल्या बाईंनी दोन्ही घरांना आठ दिवस आधी कळवलं की आम्ही अमुक दिवशी अमुक वाजता येऊ.

लिफ्टवालीला हसूच आलं. तपासणीच्या आदल्या दिवशी सगळ्याच लिफ्टना तेल मिळतं. त्या दिवशी जगातली कुठलीही लिफ्ट करकरत नाही.

अहवालाची प्रत तिला मिळाली ती कामावर, दुपारच्या सुट्टीत. अकराव्या मजल्यावरच्या मशीनखोलीत, मोटरच्या कट्ट्यावर बसून तिनं तो वाचला. हातात पेन्सिल होतीच, तिला पेन्सिलीशिवाय कागद वाचता येत नसे.

*वडिलांचे घर नीटनेटके आहे.* असणारच.

*रसायने कुलूपबंद कपाटात आढळली.* कपाट नवं. बिजागरीला एकसुद्धा ओरखडा नाही, असं बाईंनी लिहिलं नव्हतं. त्यांनी बिजागरी पाहिलीच नसावी.

*मुलीचा वडिलांशी जिव्हाळा आहे.* खरं आहे. तिनं त्यापुढे बरोबरची खूण केली.

*आजीने मुलीला चांगल्या सवयी लावल्या आहेत. पाणी पिण्यापूर्वी मुलगी बाटलीचा वास घेते व "पाणीच आहे" असे सांगते. मला दिलेल्या पेल्याचाही तिने आधी वास घेतला. मुलगी चौकस व सुसंस्कारित आहे.*

*मुलीची झोपण्याची जागा हवेशीर*

ती पुढे वाचत गेली. शेवटपर्यंत वाचलं, परत पहिल्यापासून वाचलं. पुन्हा शेवट आला. तिला तहान लागली म्हणून तिनं डब्याबरोबरची बाटली उघडली आणि ती ओठांशी न्यायच्या आधी

नाकाशी नेली.

हात तिथेच थांबला. शेजारी मोटर सुरू झाली, बंद झाली. कुणीतरी चौथ्या मजल्यावर उतरलं असावं. लिफ्टवाली बाटली नाकाशी धरून तशीच बसून होती. सहा वर्षं त्या घरात राहिली होती ती. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी शिकवलं होतं, गॅस कसा पेटवायचा ते शिकवावं तितक्या सहज: आधी वास, मग घोट. ते घर सोडून वर्ष होत आलं, तरी हात विसरला नव्हता. गोटी इथेही दुधाचा वास घेते हे ती दर वेळी बघत होती. बघत होती आणि तिला त्यात बघण्यासारखं काही दिसत नव्हतं. दोन्ही घरं तपासली, सॉकेट तपासली, गज मोजले, आणि हे एक राहिलं.

पाणीच होतं. तिनं ते प्यायलं आणि पेन्सिलीनं त्या ओळीखाली एवढी जाड रेघ मारली की कागद फाटला.

*

बुधवारी गोटीला तिकडे सोडायचं होतं. तिनं सोडलं नाही.

संध्याकाळी नवरा दारात आला. सेफ्टी दाराच्या जाळीपलीकडे उभा राहिला. अंगाला तोच वास, लाखेचा, जो एके काळी तिला आवडायचा.

"चल, गोटीला दे."

"नाही."

"आज बुधवार आहे."

"माहीत आहे."

"कोर्टाचा हुकूम आहे, बाई. माझा नाही."

"माझं ऐक. मी लिफ्ट बंद करते तेव्हा मेन स्विचला माझं टाळं लावते. चेअरमन येऊ दे नाहीतर त्याचा बाप. ते टाळं मीच काढायचं असतं, काम झाल्यावर. दुसऱ्या कुणी नाही."

"माझी पोर म्हणजे लिफ्ट नाही."

"म्हणूनच तर लावलंय."

त्यानं जाळीतून आत डोकावून पाहिलं. मग आवाज उतरला. "अगं, कपाट घेतलं ना मी. कुलूप लावलं. आणखी काय करू? नाक घासू?"

"कपाटाची किल्ली कुठे असते?"

"कपाटालाच. कारागीर दर पाच मिनिटांनी…"

आतून गोटीनं "बाबा आला?" असं विचारलं. लिफ्टवालीनं जाळीचं दार उघडलं नाही, पण गोटीला जाळीपर्यंत आणलं. बाप-लेकीनं जाळीतून बोटं लावली. मग तो जिना उतरून गेला आणि खाली पोचायच्या आत त्यानं वकिलाला फोन लावला.

*

त्यामुळे सुनावणी ठरल्याच्या आधी, पाचव्या दिवशीच लागली, आणि ती सुरूच झाली लिफ्टवालीच्या गुन्ह्यापासून.

नवऱ्याचे वकील उंच, सडसडीत गृहस्थ होते, आवाज तुपासारखा. त्यांनी वही हातात घेतली. "पाच तारीख. माझं घर. इस्त्री चालू राहिली, वीस मिनिटं. गोटी घरात. चूक माझी. हे आपलंच अक्षर?"

"हो."

"एकोणीस तारीख. माझं घर. कामावरून इमर्जन्सी फोन, गोटी शेजारणीकडे पाऊण तास. शेजारणीला आधी विचारलं नव्हतं."

"हो."

"सव्वीस तारीख. गोटीवर विनाकारण ओरडले." वकिलांनी वही खाली केली. "मॅडम, सुरक्षिततेसाठी मूल मागणाऱ्या या आई. एकूण चौदा चुका, स्वतःच्या हातानं लिहिलेल्या. शिवाय कोर्टाचा हुकूम मोडलाय. माझ्या अशिलाविरुद्ध इतका पुरावा असता तर मी केसच घेतली नसती."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. वकीलबाईंनी लिफ्टवालीकडे "सांगितलं होतं ना" अशा नजरेनं पाहिलं.

"काही म्हणायचंय?" न्यायाधीश बाईंनी विचारलं.

"पंधरा," लिफ्टवाली म्हणाली.

"काय?"

"चुका पंधरा आहेत. एक लिहायची राहिली. वही मिळेल का जरा?"

"ती आता पुराव्यात आहे. तिच्यात लिहिता येणार नाही. तोंडी सांगा."

"त्याआधी पाहणीच्या अहवालातलं पान तीन वाचता का, मॅडम? चांगल्या सवयी."

न्यायाधीश बाईंनी वाचलं. मनात वाचलं, मग मोठ्यानं वाचलं. पाणी पिण्यापूर्वी मुलगी बाटलीचा वास घेते.

"बरं. मग?"

"तुमच्या घरी पाणी पिण्याआधी कोण वास घेतं?"

वकील उठले. "मॅडम, कोर्टाला प्रश्न विचारायची ही…"

"बसा," बाई म्हणाल्या. त्यांच्या टेबलावर पाण्याची बाटली होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

मागच्या बाकावरून सासूबाईच बोलल्या. त्यांना राहवेना. "मीच शिकवलंय तिला. घरातल्या सगळ्यांना शिकवलंय, सुनेलासुद्धा शिकवलं. आमच्याकडे वास घेतल्याशिवाय घोट घेत नाहीत, एवढी काळजी घेतो आम्ही. आणि ही म्हणे आम्ही निष्काळजी."

सासूबाईंना वाटलं, आपण बाजी मारली.

"आई खोटं बोलत नाहीत," लिफ्टवाली म्हणाली. "मीही सहा वर्षं वास घेऊनच पाणी प्यायले. ती माझी पंधरावी चूक. सहा वर्षं मला त्यात काही वावगं दिसलं नाही. हा अहवाल वाचला त्या दिवशी दिसलं."

"म्हणजे तुम्हीही त्यात सामील होता," वकील म्हणाले.

"होते. म्हणून तर ठामपणे सांगतेय, तुमच्यासारखं ऐकीव नाही." ती न्यायाधीश बाईंकडे वळली. "लिफ्टच्या दाराला एक छोटा स्विच असतो, मॅडम. दार उघडं असलं की लिफ्ट हलू देत नाही. तो बिघडला की आळशी माणूस तिथे वायरचा तुकडा टाकतो. मग दार उघडं असलं तरी लिफ्ट छान चालते. महिनोन्‌महिने चालते. लोक म्हणतात, चाललंय ना? मी तो तुकडा काढला की नऊ मजले चढणारे लोक मला शिव्या घालतात. त्या घरात त्या तुकड्याच्या जागी माझ्या मुलीचं नाक आहे. कपाट नाही, कुलूप नाही, कुणी मोठं माणूस नाही. चार वर्षांच्या पोरीचं नाक. आणि तिला महिन्यातून एकदा तरी सर्दी होते."

न्यायाधीश बाईंनी पेन उचललं. "ती थिनर प्यायली तो दिवस कुठला?"

दवाखान्याचा कागद फाइलमध्ये होता. डॉक्टरांनी तारीख घातली होती आणि तिच्याखाली एका ओळीत, कुणी विचारलं नव्हतं तरी, लिहिलं होतं: *सर्दी, नाक चोंदलेले, तीन दिवसांपासून.*

बाईंनी तो कागद नवऱ्याकडे सरकवला. त्यानं वाचला. त्याच्या वकिलांनी वाचायला हात पुढे केला तेव्हा त्यानं कागद सोडला नाही.

"त्यानंतर वर्षभरात बाटल्या बदलल्या का?" बाईंनी त्याला विचारलं.

तो खोटं बोलू शकला असता. "कपाट घेतलं," तो म्हणाला. मग म्हणाला, "नाही."

*

निकाल लांबलचक होता, त्यातलं कामाचं एवढंच: आजपासून गोटी आईकडे. बापानं हवं तेव्हा भेटावं, दर रविवारी दिवसभर न्यावं, पण त्या इमारतीत नाही. कारखाना आणि घर वेगळं झालं की त्यानं पुन्हा अर्ज करावा. हुकूम मोडल्याबद्दल आईला कडक समज. आणि आईच्या घराची पाहणी व्हावी, न कळवता, कधीही.

"कधीही याच," लिफ्टवाली म्हणाली.

"तुम्हाला विचारलेलं नाही," न्यायाधीश बाई म्हणाल्या आणि सहीसाठी कागद ओढला.

बाहेर पडवीत नवरा भिंतीला टेकून उभा होता. "राक्षस ठरवलंस मला."

"नाही. राक्षस असतास तर पहिल्याच तारखेला सुटले असते."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला होता. "नातीला तोडलंस माझ्यापासून. जे शिकवलं तेच माझ्यावर उलटवलंस."

"आई, रोज या. सकाळी या, जेवून जा. मी कामावर असते तेव्हा तिला कुणीतरी हवंच असतं."

"तुझ्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही मी."

"चहा करीन मग."

सासूबाईंनी तोंड फिरवलं, पण किती वाजता याचा हिशेब त्यांच्या कपाळावर उमटलेला दिसला.

कोर्टातल्या मुलांच्या खोलीतून गोटी धावत आली. "आज कुणाकडे?"

"माझ्याकडे."

"उद्या?"

"उद्यापण."

"परवा?"

"परवापण. बाबा रविवारी."

गोटीनं बापाकडे पाहिलं. त्यानं मान हलवली, हो म्हणून. तिनं थोडा विचार केला. "मग माझी उशी तिकडे आहे. आणि बूट. आणि सगळं."

"रविवारी आणतो," नवरा म्हणाला.

"आत्ता नेते," लिफ्टवाली म्हणाली.

"आत्ता कारखाना चालू आहे. सगळे बघतील."

"बघू देत."

"मागच्या जिन्यानं जा निदान."

गोटीला आपल्या आईच्या स्वाधीन करून – तिची आईही आली होती, सगळा वेळ मूग गिळून बसली होती – लिफ्टवाली दुपारी बाराच्या सुमारास त्या गल्लीत शिरली. कारखान्याचं शटर पूर्ण वर होतं. आत आठ कारागीर, दोन लांबलचक टेबलांवर वाकलेले. तिला पाहून एकेकाचा हात थांबला. कुणी "वहिनी" म्हणालं, कुणी नजर चुकवली. म्हातारा मिस्त्री, जो तिच्या लग्नात नाचला होता, तो सरळ बघत राहिला आणि बाजूला झाला.

ती लाकडी जिना चढून वर गेली. उशी, बूट, दोन फ्रॉक, रंगाची पेटी. खाली उतरली तेव्हाही काम थांबलेलंच होतं.

"भांडण झालं का, वहिनी?" मिस्त्रीनं विचारलं.

"नाही, जिंकले," लिफ्टवाली म्हणाली, आणि उशी काखेत मारून टेबलांच्या अगदी मधल्या वाटेनं, दोन्ही बाजूंच्या चेहऱ्यांकडे आळीपाळीनं बघत, समोरच्या दारातून बाहेर पडली.